सोपाऱ्याहून, संदीपला

प्रिय संदीप,
सप्रेम जयभीम, नमो बुद्धाय.

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. थोड्या दिवसांच्या दीक्षेचं श्रामणेर शिबिर संपलं तरी गावोगाव धम्म सांगत फिरायचं तू ठरवलंस, हे वाचून फार आनंद झाला. पण पहिल्याच गावात लोकांनी तुला बोलू दिलं नाही, नको ते शब्द वापरले, आणि आता तू विचारतोस, हे काम माझ्याच्यानं होईल का? मला लगेच काही सुचलं नाही. रविवारी उठून नालासोपाऱ्याला गेलो आणि स्तूपाजवळ बराच वेळ बसलो. तिथं मनात आलं ते लिहितो.

पुण्ण थेरांची, म्हणजे बुद्धकाळातल्या त्या ज्येष्ठ भिक्खूंची, गोष्ट आपण विहारात ऐकली आहे. मला वाटतं, आपण ती घाईनं ऐकली. पुण्ण सुनापरान्ताचे, म्हणजे अभ्यासकांच्या मते आपल्याच कोकणपट्टीचे. व्यापारी माणूस. तांडा घेऊन श्रावस्तीला गेले, भगवान बुद्धांचा उपदेश ऐकला आणि भिक्खू झाले. अट्ठकथा, म्हणजे पाली सुत्तांवरची जुनी टीका, सांगते की तिकडे त्यांचं ध्यान जमेना, तो प्रदेश त्यांना मानवला नाही. म्हणून त्यांनी परत आपल्या मुलखात जायचं ठरवलं.

निघताना ते भगवंतांकडे थोडक्यात उपदेश मागायला गेले. डोळ्याला रूप दिसतं, कानाला शब्द ऐकू येतो. त्यात मन रमलं की दुःख उपजतं. एवढंच सांगून भगवंतांनी विचारलं, राहणार कुठे? सुनापरान्तात, म्हटल्यावर ते म्हणाले, तिथली माणसं तापट आहेत, कठोर आहेत. त्यांनी शिव्या दिल्या तर? पुण्ण म्हणाले, मी म्हणेन, चांगली माणसं आहेत, हात तरी उगारत नाहीत. हात उगारला तर? ढेकळं मारत नाहीत. ढेकळं मारली तर? काठी मारत नाहीत. मग काठी, मग शस्त्र, आणि शेवटी जीवच घेतला तर? त्यावर पुण्ण म्हणाले, देहाला कंटाळून शस्त्र शोधणारे लोक असतात, मला ते न शोधता मिळालं असं समजेन. भगवंतांनी 'साधु, साधु' म्हणून त्यांना निरोप दिला.

यात एक गोष्ट माझ्या आजवर लक्षात आली नव्हती. लोकांना काय सांगशील, कसं पटवशील, हा प्रश्न या संवादात येतच नाही. सगळी परीक्षा एकाच गोष्टीची, लोक वाईट वागले तर तुझ्या मनात त्यांच्याविषयी काय उरेल? आणि जीव जाईपर्यंतच्या प्रत्येक पायरीला पुण्णांचं पालुपद एकच, 'भद्दका वतिमे सुनापरन्तका मनुस्सा', ही सुनापरान्ताची माणसं भली आहेत. ती त्यांचीच माणसं होती ना, संदीप!

दिव्यावदान या संस्कृत बौद्ध कथासंग्रहातलं त्यांचं चरित्र वाचलं तर हे आणखी खोल जातं. तिथं त्यांचं नाव पूर्ण, शूर्पारकच्या, म्हणजे या सोपाऱ्याच्या, व्यापाऱ्याला दासीपासून झालेला मुलगा. बाप गेल्यावर सावत्र भाऊ वाटणीला बसले. दासीच्या पोराला कसला हिस्सा, असं म्हणून त्यांनी त्यालाच मालमत्तेत धरलं आणि एका भावाच्या वाट्याला घातलं. ही ओळ वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. अपमान काय असतो हे ज्याला जन्मापासून ठाऊक, तोच माणूस त्या मुलखात धम्म घेऊन परतला.

तिथलाच एक प्रसंग. भिक्षेला निघालेल्या पूर्णाला एका पारध्यानं पाहिलं. मुंडन केलेला श्रमण समोर आला, अपशकुन झाला, म्हणून त्यानं बाण ताणला. पूर्णानं चीवर बाजूला करून पोट उघडं केलं आणि म्हटलं, या न भरणाऱ्या पोटासाठीच मी इथं आलो आहे. पारधी थबकला, आणि पुढे त्याच पारध्यानं धम्म ऐकला. निरोपाचा संवाद ज्यात आहे ते पाली सुत्त सांगतं की परतल्यावरच्या एकाच वर्षावासात, म्हणजे भिक्खू एका जागी राहतात त्या पावसाळ्यात, पुण्णांनी ५०० उपासक आणि ५०० उपासिका घडवल्या.

तीन वर्षांपूर्वी एका सभेत कुणी वेडंवाकडं बोललं तेव्हा मी तावातावानं उत्तर दिलं होतं. माझा मुद्दा बरोबर होता, टाळ्याही पडल्या. तो माणूस मात्र पुन्हा कधी आला नाही. त्याचं नावही मी विचारलं नव्हतं, याचं मला अजून वाईट वाटतं. अन्याय मुकाट सोस, असं मी म्हणत नाही. कायद्यानं लढायचं तिथं लढायचंच. पण ज्याला धम्म द्यायचा त्याच्याविषयी मनात कडू धरून तो देता येत नाही, हे मला त्या दिवसापासून कळू लागलं.

स्तूप आता विटांचा उंचवटा आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो उघडला, तेव्हा आत दगडी पेटी, तिच्यात तांब्याचा करंडक आणि त्याच्या आत एकात एक ठेवलेले करंडक निघाले. सगळ्यात आतल्या सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे १३ तुकडे होते. भगवंतांच्या भिक्षापात्राचे मानून जपलेले. सोन्यात माती. मी तिथं बसून त्याचाच विचार करत राहिलो.

तुला हुसकावलं त्या गावात पुन्हा कधी जाणार आहेस? वर्षावास संपायच्या आत जाणार असशील तर कळव, मी रजा काढून येतो. बोलायचं तू. सतरंजी मी अंथरेन, आणि जो सगळ्यात जास्त ओरडला होता त्याच्या घरी आपण दोघं आधी जाऊ.

आईंना माझा नमस्कार सांग.

तुझा,
मिलिंद