बाळंतपणानंतरच्या झटक्यांतून माझ्या बहिणीला वाचवणाऱ्या सिस्टरांस

आदरणीय सिस्टर,
स. न. वि. वि.

माझी धाकटी बहीण आता हिंडूफिरू लागली आहे आणि तिच्या मुलीचे बारसेही पार पडले. आपण त्या दिवशी काय केलेत हे आमच्या घराबाहेरच्यांनाही कळावे, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे.

तिचा रक्तदाब गरोदरपणात ठीक होता आणि बाळंतपणही सरळ झाले. त्यामुळे माहेरी आल्यावर डोके दुखू लागले, तेव्हा घरातल्या बायकांनी ते जागरणावर आणि बाळंतवाऱ्यावर ढकलले. आपण आला होतात बाळाचे वजन करायला. परंतु बहिणीचा सुजलेला चेहरा पाहताच आपण तिला विचारलेत, की डोळ्यांपुढे काजवे चमकतात का आणि छातीखाली उजवीकडे दुखते का, आणि पिशवीतून रक्तदाबाचे यंत्र काढलेत. 170/110 हा आकडा आपण दोनदा मोजून पाहिलात. आई चहाचे आधण ठेवायला उठली, तोवर आपण चपला पायांत सरकवून गाडी मागवलीही होतीत.

उपकेंद्राच्या खाटेवर तिला झटके आले. कोणी कांदा हुंगवायला धावले, कोणी दातांत चमचा घालायला. आपण दोघांनाही बाजूला सारून तिला डाव्या कुशीवर वळवलेत, तोंडाचा फेस पुसलात आणि झटका ओसरताच मॅग्नेशियम सल्फेटच्या कुप्या फोडायला घेतल्यात. 2 मिलिलिटरच्या 10 कुप्या, म्हणजे एकूण 10 ग्रॅम औषध; निम्मे एका कुल्ल्यात, निम्मे दुसऱ्यात. मग 108 ची गाडी येईपर्यंत आपण तिच्या श्वासावरची नजर हलवली नाहीत.

या आजाराला एक्लाम्पसिया म्हणतात, हे आम्हांला उपजिल्हा रुग्णालयात समजले. वारेला रक्त पुरवणाऱ्या गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या पुरेशा रुंदावल्या नाहीत, की वारेतून आईच्या रक्तात उतरणारे घटक तिच्या शरीरभरच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा करतात. त्यातून रक्तदाब चढतो, बहुधा लघवीतून प्रथिने जाऊ लागतात आणि मेंदूपर्यंत परिणाम पोचला की झटके येतात. वार पडली की मूळ कारण जाते खरे, पण रक्तदाब बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास पुन्हा चढू शकतो, आणि गरोदरपणात ज्यांना काहीच त्रास नव्हता अशांनाही तेव्हा झटके येऊ शकतात. ओटी भरून, सुखरूप सुटका झाली म्हणून पेढे वाटणाऱ्या घरांत (आमचेही त्यांतलेच) हे कोणाच्या ध्यानीमनीही नसते.

मॅग्नेशियम सल्फेट हे जुने आणि स्वस्त औषध. 1995 साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांत मिळून केलेल्या चाचणीत झटके पुन्हा येऊ न देण्यात ते डायझेपाम आणि फेनिटॉइन या झटक्यांवरच्या दोन्ही औषधांपेक्षा सरस ठरले. रक्तदाब उतरवणे हे मात्र त्याचे काम नव्हे, त्यासाठी तिला वेगळे औषध द्यावे लागले.

आणखी एका गोष्टीसाठी आपले विशेष आभार मानते. पाठवणीच्या चिठ्ठीवर आपण औषधाची मात्रा आणि सुई दिल्याची वेळ ठळक अक्षरांत लिहिली होतीत. ती पाहूनच रुग्णालयात दर 4 तासांच्या पुढच्या सुया ठरल्या. दर सुईआधी तेथील परिचारिका गुडघ्यावर छोटी हातोडी मारून पाय उडतो का ते पाहत, श्वास आणि लघवी मोजत, कारण हे औषध अंगात जास्त साठले तर श्वासच थांबू शकतो. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटही उशाशी ठेवले होते. चिठ्ठीवर वेळ नसती तर त्यांना अंदाजानेच चालावे लागले असते.

तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या आता थांबल्या आहेत. पुढच्या खेपेला तिसरा महिना संपताच कमी मात्रेचे अ‍ॅस्पिरिन सुरू करण्याविषयी डॉक्टरांनी सांगितले असून, तिच्या कार्डावर झटक्यांची नोंद केली आहे. ती नोंद आपल्या रजिस्टरमध्येही करून घ्यावी, ही नम्र विनंती.

आपली कृतज्ञ,
बाळंतिणीची थोरली बहीण