आईच्या झडपेजवळची फट

सांगली,
रविवार, रात्र

प्रिय मिलिंद,
सप्रेम नमस्कार.

अण्णांच्या रिपोर्टमधलं ‘पॅराव्हॉल्व्ह्युलर लीक’ वाचताना काल तुझा आवाजच बसला. फोनवर धड बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय.

अरे, यात हृदयात बसवलेली कृत्रिम झडप बिघडलेली नसते. ती ज्या कडेला शिवलेली असते तिथे फट पडते. कड कॅल्शियमने कडक झाली किंवा जंतुसंसर्ग झाला की टाके धरत नाहीत. मग तिथून रक्त उलटं फिरतं.

आईचं तेच झालं. संधिवाताच्या तापाने तिची मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) गेली, म्हणून धातूची बसवली. लहानपणी तिच्या कुशीत शिरलो की ती टिकटिक ऐकतच झोप लागायची. दोन वर्षांपूर्वी तिला जिना चढवेना. हिमोग्लोबिन साडेसहा. तिच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पाच महिने नुसत्या लोहाच्या गोळ्या दिल्या. लघवी काळ्या चहासारखी होते हे तिने संकोचाने कुणाला सांगितलंच नाही. अरुंद फटीतून जोरात घुसताना तांबड्या पेशी फुटत होत्या रे! गोळ्यांनी फट कशी बुजणार? त्या पाच महिन्यांचा राग अजून जात नाही. अण्णांना लघवीचा रंग आजच विचार, आणि एलडीएचची (पेशी फुटल्या की रक्तात हे वाढतं) तपासणी झाली नसेल तर डॉक्टरांशी बोल.

पुन्हा छाती उघडणं आईला झेपणारं नव्हतं. कार्डिऑलॉजिस्टने कागदावर गोल काढला, घड्याळासारखे आकडे घातले आणि दहावर पेन टेकवलं, “फट इथे.” जांघेतल्या शिरेतून कॅथेटर, म्हणजे लांब बारीक नळी घातली, हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधला पडदा टोचून डावीकडे नेली. अन्ननलिकेत घातलेल्या एकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) प्रोबवर सगळं दिसत होतं. फट बुजवायचा प्लग म्हणजे निकेल-टायटॅनियमच्या तारांची जाळी. नळीत मिटते, बाहेर आली की फुलून फट दाबून बसते. झडपेच्या पाकळ्या मोकळ्या हलतात ना, हे पाहूनच प्लगला जोडलेली तार उलटी फिरवून तो सोडतात. पाकळी अडली तर त्याआधी परत ओढून घेता येतो. १९९२ साली बोस्टनच्या डॉक्टरांनी अशा फटी बुजवल्याचं प्रसिद्ध केलं, तेव्हा दुसऱ्याच कामासाठीचं छत्रीसारखं उपकरण वापरलं होतं.

जंतुसंसर्ग चालू असेल किंवा अख्खी झडपच डुलत असेल तर मात्र हा मार्ग नाही. हे दोन्ही स्पष्ट विचार. थोडी गळती उरली तर पेशी फुटणं थांबेलच असं नाही, म्हणून नंतरही रक्त तपासावं लागतं. आईचं हिमोग्लोबिन आता अकरावर आहे.

शुक्रवारी येतोय. अण्णांच्या जुन्या ऑपरेशनची फाइल काढून ठेव. झडपेचा प्रकार आणि माप लिहिलेलं कार्ड त्यात असेल, ते आधी लागेल.

तुझाच,
सुहास