डुलकी आणि कंटाळा वेगळे ओळखायला शिकवल्याबद्दल अण्णांचे जाहीर आभार

आदरणीय अण्णा,

सादर नमस्कार.

वडगावात यंत्रमाग चालवून दमलेला माणूस पहाटे साडेपाचला ध्यानाला बसतो आणि दहाव्या मिनिटाला त्याची मान पुढे पडते. बहुतेक ठिकाणी त्याला ‘मन लागत नाही, निश्चय कमी पडतोय’ एवढंच ऐकावं लागतं. तुम्ही आधी विचारता, “रात्री किती वाजता झोपलात?” या एका प्रश्नासाठीच हे पत्र लिहावंसं वाटलं.

मोठ्या माणसाला साधारण ७ ते ९ तास झोप लागते. रात्रपाळी करून पाच तास झोपलेल्याचं शरीर शांत बसवलं की ते राहिलेली झोप वसूल करणारच. त्याला तुम्ही सरळ घरी जाऊन झोपायला सांगता. पुरेशी झोप होऊनही दिवसभर पेंग येत असेल, मोठ्यानं घोरणं असेल किंवा सर्दीच्या गोळ्या चालू असतील, तर आसनाआधी डॉक्टर, हेही तुम्हीच बजावता.

बैठकीची घडी कशी घालायची, हे तुम्ही दाखवलंत तसं कुणी दाखवत नाही. गुडघे कमरेच्या वर राहिले की कंबर मागे कलते, पाठीला पोक येतो, हनुवटी छातीकडे जाते, श्वास उथळ होतो आणि पेंग चढते. म्हणून घोंगडीची ४ ते ६ इंच उंच घडी, आणि बसायचं तिच्या पुढच्या काठावर. लोक हमखास मधोमध बसतात; मग मांड्याही उचलल्या जातात आणि उंचीचा काही उपयोग होत नाही. गुडघे जमिनीला टेकले की कणा जोर न लावता उभा राहतो. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खुर्ची घ्यावी, पण पाठ टेकू नये. आपल्याकडच्या पावसाळ्यात खिडक्या लावून, डोक्यावरून शाल घेऊन वीसजण बसले की खोली उबते, हवा कोंदते आणि अर्धी खोली पेंगते. एक खिडकी उघडी ठेवायची आणि शाल खांद्यांपर्यंतच घ्यायची.

अंगठ्यांची खूण तर फार मोलाची. एका तळहातावर दुसरा तळहात, अंगठ्यांची टोकं एकमेकांना जेमतेम लागलेली, मध्ये कागद धरल्यासारखी. मान पडायच्या बरीच आधी हे अंगठे सुटतात. ते सुटले, विचार असंबद्ध होऊन चित्रं दिसू लागली, की डोळे अर्धे उघडायचे, नजर चार-पाच फुटांवर जमिनीला लावायची आणि आत येणाऱ्या श्वासाकडे जास्त लक्ष द्यायचं. दोन-तीन मिनिटांत फरक पडला नाही तर उभं राहायचं. मग पंधरा-वीस पावलं संथ येरझारा. उठणं म्हणजे हार नाही, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

पण आमचे सर्वांत जास्त आभार कंटाळ्यासाठी आहेत, कारण तो झोपेचं सोंग घेऊन येतो. तुमची कसोटी साधी: समाप्तीची घंटा वाजल्यावर पेंग कुठे जाते ते बघा. चहा हातात यायच्या आत माणूस टवटवीत झाला, तर ती झोप नव्हतीच. पतंजलींनीही अंतराय, म्हणजे साधनेतले अडथळे, मोजताना स्त्यान आणि आलस्य अशी दोन वेगळी नावं दिली आहेत. मरगळलेलं चित्त आणि जड शरीर एकच नव्हे.

कंटाळा का येतो? माणूस श्वास पाहायचा सोडून ‘श्वास, श्वास’ असं नुसतं घोकत राहतो. नेमाला, म्हणजे रोजच्या नामस्मरणाला, बसणाऱ्यांचंही नाम तसंच ओठांवर फिरत राहतं आणि त्याची अंगाई होते. त्यावर तुमचे प्रश्न: कोणती नाकपुडी जास्त मोकळी आहे? हवा आत जाताना गार कुठे लागते? श्वास सोडल्यावरचा थांबा किती? एका बैठकीला एकच प्रश्न घ्यायचा. किंवा १ ते १० मोजून पुन्हा १. मोजणी १४ वर गेली, तर यंत्र चालू होतं, माणूस गेला होता. नाम जड झालं तर थोडा वेळ मोठ्यानं म्हणायचं.

तुम्ही मागाचा दाखला देता तो इथल्या लोकांना एकदम पटतो. ताण्याचा धागा तुटला की कापड पुढे रेटत नाहीत. माग थांबवून टोक शोधायचं, गाठ मारायची, पुन्हा सुरू करायचं. धाग्यावर चिडून गाठ बसत नाही.

ध्यानात पेंगणाऱ्या मोग्गल्लान या आपल्या शिष्याला बुद्धांनी सांगितलेले उपायही तुमच्यामुळे नीट कळले: मोठ्यानं पठण, कान ओढणं, अंग चोळणं, डोळ्यांवर पाणी मारून आकाशातल्या ताऱ्यांकडे पाहणं, येरझारा. इतकं करूनही जमलं नाही तर शेवटी उजव्या कुशीवर निजायचं.

एक विचारायचं आहे. दुपारी तीनची बैठक भात जेवून येणाऱ्यांना जड जाते. जेवण आणि बैठक यांत अडीच तास ठेवा म्हटलं तरी सगळ्यांना जमत नाही, म्हणून पहिली दहा मिनिटं चालणं आणि मग पंचवीस मिनिटं बसणं असं ठेवलं आहे. यात काही बदलायला हवं असेल तर कळवा.

तुमचे,
पहाटेच्या बैठकीला येणारे आणि आता इतरांना बसवणारे,
वडगाव-शहापूर, बेळगाव