परीक्षा एप्रिलमध्ये, परीक्षार्थी दोह्यात: उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

मुंबई विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षण सुरू केले ते 1971 साली. नोकरी सांभाळून शिकणारा तेव्हाचा विद्यार्थी लोकलने येण्याजोग्या अंतरावर राहायचा. आता दूरशिक्षणाच्या एम.ए.ला मस्कत, दोहा, शारजा इथल्या भारतीय शाळांतले शिक्षकही बसू पाहतात. बी.ए., बी.एड. त्यांच्याकडे असते, पण सीबीएसई शाळेत अकरावी-बारावीचे वर्ग हवे असतील तर पदव्युत्तर पदवी लागतेच. नियम मात्र अजूनही विद्यार्थी चर्चगेट आणि विरारच्या मधे कुठेतरी राहतो असे धरून चालतात.

अभ्यासाची अडचण फारशी नाही. पुस्तके पीडीएफमध्ये मिळतात, स्वाध्याय अपलोड करता येतात. घोडे अडते परीक्षेपाशी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2020 च्या नियमावलीप्रमाणे सत्रान्त परीक्षेला किमान 70 टक्के वजन आहे, म्हणजे स्वाध्याय कितीही चांगले लिहिले तरी केंद्रावर येऊन पेपर दिल्याशिवाय सुटका नाही. उन्हाळी सत्राचे पेपर साधारण एप्रिल-मे महिन्यात येतात. आखातातल्या सीबीएसई शाळांचे नवे वर्ष नेमके एप्रिलमध्ये सुरू होते. वर्गशिक्षकाला तेव्हा रजा मागणे म्हणजे नोकरीवर पाणी सोडणे. चार पेपर, मधे एक-दोन दिवसांची सुट्टी, वर येण्या-जाण्याचे दिवस: दोन आठवडे सहज जातात, आणि हे वर्षातून दोनदा. वेळापत्रक उशिरा लागले किंवा तिकीट काढल्यावर पेपर पुढे ढकलला, तर विषय राहिलाच म्हणून समजा.

या शाळांना मोठी सुट्टी असते जुलै-ऑगस्टमध्ये, आणि बहुतेक शिक्षक तेव्हा गावी येतातच. परदेशात नोकरी असल्याचा पुरावा देणाऱ्यांसाठी जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात मुंबईत एक जादा परीक्षा ठेवा. चारही पेपर सलग दिवसांत घेतले तरी कुणी कुरकुर करणार नाही. केंद्र एक पुरे. हिवाळी सत्राचा प्रश्न तरीही उरतो, आणि त्याला खरा उपाय म्हणजे हेच अभ्यासक्रम पूर्ण ऑनलाइन पद्धतीने चालवण्याची मान्यता घेणे. निरीक्षणाखालील ऑनलाइन परीक्षेला त्याच नियमावलीत जागा आहे. वेळेचा बाऊ करण्याचे कारण नाही: मुंबईत साडेदहा वाजतात तेव्हा दुबई-मस्कतला नऊ आणि दोहा, कुवेत, रियाधला आठ वाजलेले असतात.

संपर्क व्याख्याने, म्हणजे शिक्षकांनी थेट घ्यायचे तास, रविवारी ठेवण्याची आपल्याकडे सवय आहे. दोहा, कुवेत, मस्कत, रियाध इथे साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवार असते. रविवार हा शाळेचा पहिला दिवस. शनिवार मात्र अमिरातींसह सगळीकडे मोकळा. व्याख्याने शनिवारी ठेवायला एक पैसाही लागत नाही.

प्रवेशाच्या वेळची अडचण ओटीपीची. आता डेब-आयडी (आयोगाच्या दूरशिक्षण विभागाचा विद्यार्थी क्रमांक) लागतो, त्यासाठी एबीसी आयडी (विद्यार्थ्याच्या श्रेयांकांच्या खात्याचा क्रमांक), आणि तो डिजिलॉकरमधून काढायचा तर ओटीपी येतो आधारला जोडलेल्या मोबाइलवर. भारतातले सिम रिचार्जअभावी बंद पडले असेल तर प्रवेशाची मुदत संपेपर्यंत माणूस तिथेच अडकतो. आयडीची व्यवस्था केंद्राची आहे, हे मान्य. पण परदेशातल्या अर्जदाराला पासपोर्टवर तात्पुरता प्रवेश देऊन आयडीसाठी सुट्टीपर्यंत मुदत मिळावी, हे आपण आयोगाकडे मांडू शकता.

आता कागदपत्रे, आणि इथे जास्त काळजी हवी. पदवी परदेशात चालवायची तर आधी राज्याचे प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचे. ओमान, बहारीन, सौदी हे देश एकमेकांची कागदपत्रे मान्य करण्याच्या हेग करारात असल्याने तिथे अपोस्टील, म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाचे त्या करारातले प्रमाणपत्र, चालते. अमिराती, कतार, कुवेत त्यात नाहीत, म्हणून वर त्या देशाच्या वकिलातीचा शिक्काही लागतो. यानंतर समकक्षतेसाठी, म्हणजे पदवी तिथल्या पदवीच्या बरोबरीची ठरवण्यासाठी, विद्यापीठाचे पत्र मागतात: पदवी खरी आहे का, आणि शिक्षण कोणत्या पद्धतीने झाले? 2018 च्या सुमारास अमिरातींत अनेक भारतीय शिक्षकांच्या नोकऱ्या धोक्यात आल्या, त्या गुणपत्रिकेवरच्या ‘एक्स्टर्नल’ या रकान्यामुळे. लेखी परीक्षेचे ते गुण तिथल्या अधिकाऱ्यांनी बाहेरून केलेल्या शिक्षणाचे समजले. नियमित महाविद्यालयांत शिकलेलेही त्यात सापडले आणि भारतीय दूतावासाला मधे पडावे लागले. तेव्हा गुणपत्रिकेवर सरळ ‘सत्रान्त परीक्षा’ आणि ‘स्वाध्याय’ असे इंग्रजीत छापावे, आणि पद्धत सांगणारे पत्र ईमेलने अर्ज केल्यावर ठरलेल्या मुदतीत मिळावे.

मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची असल्याचे आयोगाने सप्टेंबर 2022 मध्ये जाहीर केले. ते भारतात चालते, दुबईच्या कार्यालयावर बंधनकारक नाही. काही देश दूरशिक्षणाची पदवी शिक्षकाच्या नोकरीसाठी धरतच नाहीत. माहितीपुस्तिकेच्या पहिल्याच पानावर हे ठळक छापले पाहिजे, फी भरण्याआधी. विद्यापीठांना ते नकोसे वाटेल. तरी छापायला लावा.

जुलैच्या परीक्षेचा निर्णय डिसेंबरपर्यंत झाला तर उपयोग. सुट्टीची तिकिटे जानेवारी-फेब्रुवारीत काढली जातात. त्यानंतर निघालेले परिपत्रक त्या वर्षापुरते वायाच जाईल.

आपले,
दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांना अर्ज व परीक्षांत मदत करणारे मुंबईतील काही शिक्षक