काका, तुमचे आभार मानायचे राहूनच गेले होते

काका, तुम्ही परवा निघताना मी नुसतं थँक्यू म्हणाले आणि तुम्ही हात हलवून गेलात, पण तेवढ्यावर माझं मन भरलं नाही, म्हणून हे लिहायला बसले. आईच्या गोल्फ कार्टसाठी तुम्ही दोन संध्याकाळी दिल्यात. आईचे गुडघे किती दुखतात तुम्हाला माहितीये, गाडी बंद म्हणजे तिचं बाहेर पडणं बंद. तीन आठवडे ती खिडकीत बसून होती आणि मला ते बघवत नव्हतं.

गाडी चढावर रडत होती, चार्जिंग निम्म्या अंतरात संपत होतं, आणि आधी ज्यांनी गाडी बघितली त्यांनी सीटसुद्धा न उचलता सांगितलं की सहाच्या सहा बॅटऱ्या गेल्या, नवीन सेट टाका. मी ऑर्डर देणारच होते. तुम्ही म्हणालात, "थांब, आधी मोजू." त्या एका वाक्यासाठी तुमचे किती आभार मानू!

तुम्ही कामाला हात घालायच्या आधी माझ्या हातातली बांगडी आणि अंगठी काढायला लावलीत, किल्ली काढलीत, सीटखालचा स्विच रनवरून (चालवायची स्थिती) टोवर (गाडी ढकलायची किंवा ओढायची स्थिती) केलात, पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळलीत. तेव्हा मला वाटलं एवढं कशाला, पण ४८ व्होल्टच्या पॅकमध्ये पाना दोन टर्मिनलवर आडवा पडला तर काय ठिणगी उडते ते तुम्ही समजावलंत, आणि चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो म्हणून गॅरेजचं दार उघडं ठेवायचं हेही. आता मी रोज ठेवते.

मग मल्टीमीटर. रात्रभर चार्ज करून, चार्जर काढून काही तास तशीच ठेवलेली गाडी, तर पॅक ५०.६ व्होल्ट दाखवत होता, पूर्ण भरलेला साधारण ५०.९ असतो, म्हणजे आकड्यावरून सगळं ठीकच. सहाही बॅटऱ्या जवळपास सारख्या. मी तर म्हणाले की मग बॅटऱ्या चांगल्या आहेत. तुम्ही मान हलवलीत, लांब वायरी आणि क्लिपा लावून मीटर सीटवर ठेवलात आणि मला चढावर गाडी न्यायला सांगितलंत, एकेक बॅटरी लावून सहा फेऱ्या. पाच बॅटऱ्या लोडवर, म्हणजे गाडी जोर लावत असताना, ७.८ व्होल्टच्या आसपास राहिल्या आणि चौथी धाडकन ६.४ वर आली. मीटरवरचा तो आकडा खाली येताना मी स्वतः बघितला. नुसत्या उभ्या गाडीत मोजून हे कधीच कळलं नसतं! नंतर हायड्रोमीटर, म्हणजे बॅटरीतल्या ॲसिडची घनता मोजायची नळी, घालून तुम्ही त्याच बॅटरीचे चारही सेल, म्हणजे आतले कप्पे, दाखवलेत, तीन १.२६० ला आणि एक १.१५०, आणि त्या सेलमध्ये प्लेटा पाण्याच्या वर उघड्या पडलेल्या. तरीही तुम्ही घाई केली नाहीत, प्लेटा बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर घातलंत, चार्ज झाल्यावर बाकीचं, आणि दुसऱ्या दिवशी तो सेल तसाच आहे बघून मग म्हणालात की ही एक बदल. सेट दीड वर्षाचाच आहे म्हणून एक बदलून चालेल, जुन्या सेटमध्ये नवीन बॅटरी घालू नको, जुन्या तिला लवकर खातात, हे पण सांगितलंत.

आणि इथे कुणीही थांबलं असतं. तुम्ही नाही थांबलात.

तुम्ही विचारलंत, "हीच का मेली?" मग सपाटीवर गाडी टोवर ठेवून मला ढकलायला लावलीत, मला हलेना. चाकाजवळ हात नेला तर मागच्या डाव्या चाकाच्या ब्रेक ड्रममधून नुसती धग येत होती, उजवा गार. पुढच्या चाकांना ओंडके लावून मागची बाजू जॅकवर घेतलीत, डावं चाक हाताने फिरवलं तर घासत घासत अर्धा फेरा आणि थांबलं. तो आवाज मी विसरणार नाही, खर्रर्र असा. कारण निघालं ते मागच्या वेळी पेडल खाली जातं म्हणून ब्रेकच्या रॉडचा नट कुणीतरी भरपूर कसला होता. ब्रेक शू सतत ड्रमला टेकलेले, केबल गंजून परत सरकत नव्हती, म्हणजे आई आठवडेच्या आठवडे ब्रेक लावूनच गाडी चालवत होती आणि मोटर तेवढा जास्त करंट ओढत होती. आधीच पाणी कमी असलेली बॅटरी सगळ्यात आधी बसणारच होती. काका, नवा सेट घातला असता तरी काही महिन्यांत मी परत तिथेच येऊन उभी राहिले असते.

ड्रममधली धूळ फुंकू नको, ओल्या फडक्याने पूस म्हणालात ते लक्षात आहे. केबल बदलली, नट सैल करून आधी शू बसवलेत, मग पेडलला थोडी मोकळी चाल ठेवलीत. आता चाक बोटाने फिरतं.

टर्मिनलवरची पांढरी बुरशी मी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसली, झाकणं घट्ट लावून, तुम्ही सांगितल्याप्रमाणेच. पाण्याची पातळी दर महिन्याला बघायची तारीख भिंतीवर लिहिलीये.

काल आई एकटी चढावरून वर गेली, वर जाऊन पार्किंग ब्रेक लावला, गाडी जागची हलली नाही, आणि तिने मागे वळून मला हात केला. तुमचा हायड्रोमीटर धुऊन, पुसून ठेवलाय. रविवारी आई स्वतः गाडी चालवत आणून देणार आहे, तिला तुम्हाला भेटायचंय.