सूचना : पावसाळ्यापूर्वी पर्जन्यजल गटारांची तपासणी

लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीतील सर्व सभासदांस कळविण्यात येते की, येत्या शनिवारी सकाळी 11 वाजता संघाच्या कार्यालयात पावसाळापूर्व बैठक होईल. प्रत्येक कारखान्याच्या पर्यावरण विभागप्रमुखांनी गटारांच्या नकाशासह उपस्थित राहावे.

पहिल्या सरीचे पाणी आवारातील तेल, भुकटी व रसायनांचे अंश धुऊन नेते आणि ते ओढ्या-नाल्यांमार्गे दाभोळ खाडीत पोहोचते, म्हणून पुढील कामे 31 मेपूर्वी पूर्ण करावीत.

1. पर्जन्यजलाची व सांडपाण्याची गटारे पूर्णपणे वेगळी असावीत.
2. पिंपे व कच्चा माल छपराखाली, बांध घातलेल्या जागेत ठेवावा.
3. पहिल्या सरीचे पाणी टाकीत अडवून, तपासूनच पुढे सोडावे. 1,000 चौरस मीटर फरसबंदीवर 10 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर पाणी, त्यामुळे टाकीचा आकार अंदाजाने ठरवू नये.
4. बाहेर जाणाऱ्या गटाराची झडप उघडझाप करून पाहावी; वर्षभर न हलवलेली झडप ऐन पावसात गंजून अडकते.

मुसळधार पावसाचा आडोसा घेऊन सांडपाणी नाल्यात सोडणे हा जल प्रदूषण कायदा, 1974 अन्वये गुन्हा आहे. अशा सभासदाची बाजू संघ मांडणार नाही.

— सचिव