हॉथॉर्नचा फोटो

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

हॉथॉर्नचा फोटो मिळाला. 'बीच बॉइज' बँडमधल्या विल्सन भावांचं कॅलिफोर्नियातलं ते घर फ्रीवेसाठी कधीच पाडलं, आता तिथे नुसतं स्मारक आहे, तरी तू तिथवर गेलास याचं फार कौतुक वाटलं. नंदूमामाला लगेच दाखवला. तो म्हणाला, "एकटाच गेलेला दिसतो." तेव्हापासून जिवाला घोर लागलाय.

परवा मी एवढंच म्हटलं की रोज रात्री बीच बॉइजची 'पेट साउंड्स' रेकॉर्ड लावून पडू नकोस, तर तू चिडून फोन ठेवलास. म्हणे मला बीटल्सपुढे काही दिसत नाही. तसं नाही रे. तुझ्या त्या रेकॉर्डवरच्या 'गॉड ओन्ली नोज'च्या शेवटी ते आवाज एकमेकांत गुंतत जातात आणि गाणं न संपता विरून जातं, तिथे आजही माझा घसा दाटतो. ते गाणारा धाकटा भाऊ कार्ल तेव्हा १९ वर्षांचा होता, तुझ्याहून लहान. पण इतके गळे असूनही ते सगळं एकाच माणसाच्या डोक्यातलं वाटतं. डिसेंबर १९६४मध्ये विमानात थोरल्या ब्रायनचा धीर सुटला आणि त्याने दौरे सोडले. १९६६च्या जानेवारीत बाकीचे जपानमध्ये गात होते आणि हा इकडे स्टुडिओत बाहेरचे वादक घेऊन ही रेकॉर्ड बांधत होता. ते दुःख इतकं देखणं आहे की त्यातून उठावंसंच वाटत नाही. मला भीती वाटते ती त्याचीच. वेळेवर जेवतोस ना?

एकटेपणा बीटल्सकडेही आहे. 'एलेनॉर रिग्बी' ऐक, नुसती आठ तंतुवाद्यं, अंगावर येतात. पण तिथे एकट्या बाईकडे कुणीतरी बघत असतं. बीच बॉइजच्या 'इन माय रूम'मध्ये दार आतून लावलेलं आहे.

आणि 'हे ज्यूड'! आईबाप वेगळे होत असलेल्या, जॉन लेननच्या लहानग्या ज्युलियनसाठी पॉल मॅकार्टनीला ते सुचलं. सुरुवातीला एक गळा नि पियानो. मग एकेक जण येत जातो आणि शेवटी कितीतरी वेळ नुसता कोरस. ऑर्केस्ट्रातल्या वादकांनासुद्धा गायला, टाळ्या वाजवायला लावलं होतं. बाबा गेले त्या पावसाळ्यात तू ते लावायचास, आठवतं? आजी स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसलेली असायची. इंग्रजीचं तिला अक्षर कळत नव्हतं, पण त्या शेवटाला शब्द लागतातच कुठे? तीही सूर धरायची, आणि तिचा हात थांबायचा नाही. आपण तिघंही त्या दिवसांत एकमेकांशी धड बोलत नव्हतो.

म्हणून सांगते, माणसांत जा. सातला लॅपटॉप मिटायचा, अंघोळ करायची, बाहेर पडायचं... बघ, सुरू झालं माझं. रागावू नकोस. तू त्या हार्मनीतला एकच गळा वेगळा काढून मला ऐकवलास ना, तेव्हा ऊर भरून आला होता. तो कान बाबांचा. तू याच कामासाठी तिकडे गेलास याचा मला अभिमान आहे, सगळ्यांना सांगत असते. पण कान एवढा तयार असला की माणूस दिवसचे दिवस एकटा राहू शकतो, आणि त्याला ते खटकतही नाही.

गेल्या खेपेला तू म्हणालास, ब्रायन एकटा राहिला म्हणूनच एवढं करू शकला. मग त्याच्या 'स्माइल' या रेकॉर्डचं काय? १९६७मध्ये अर्धवट टाकलेलं ते काम पूर्ण झालं २००४मध्ये, नव्या वादकांच्या सोबतीने, लंडनच्या रंगमंचावर.

तुझ्या मजल्यावरच्या त्या केरळच्या मुलाला रविवारी जेवायला बोलाव. खिचडी टाकलीस तरी चालेल, मेतकूट आहे अजून. गाणी तुम्हाला हवी ती लावा. आणि फोन कर, इथे कितीही वाजलेले असले तरी.

तुझी,
आई